भवानी पेठेत शिवलेला मोरोक्को: सोळा जर्सी, चार हेडकव्हर

सोळा जर्सी, सोळा शॉर्ट्स आणि डोके झाकून खेळणाऱ्या मुलींसाठी चार हेडकव्हर, अशी आमची ऑर्डर होती. पुण्याच्या भवानी पेठेतल्या खेळाचे कपडे शिवणाऱ्या एका छोट्या दुकानाने दहा दिवसांची कबुली देऊन ती चोवीस दिवसांत पूर्ण केली. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढच्या मजकुरात तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा मालकांनी स्वतःच्या खिशातून निस्तरल्या आहेत. परंतु मुलींच्या फुटबॉल संघाचे किट शिवून घ्यायचे असेल, तर कापड निवडण्याच्या आधी दुकानदाराला काय काय सांगावे लागते, हे आम्हाला पैसे आणि वेळ घालवल्यावर कळले. ते इतरांना आधी कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा संघ कोंढव्यात दर रविवारी सकाळी भाड्याच्या टर्फवर सराव करतो. मुली चौदा ते सतरा वर्षांच्या आहेत आणि त्यांतल्या चौघी हिजाब घालतात. किट लाल आणि हिरवे असावे, म्हणजे मोरोक्कोच्या महिला संघासारखे, हा हट्ट मुलींचा होता आणि तो 2023 पासूनचा होता. त्या वर्षी महिला विश्वचषकात उतरणारा मोरोक्को हा पहिला अरब देश ठरला. पहिल्याच सामन्यात जर्मनीने त्यांचा 6-0 असा फडशा पाडला, तेव्हा आमच्यातल्याही काहींनी त्यांची गणना पाहुण्यांत करून टाकली होती. त्यानंतरच्या रविवारी सकाळी, आपल्याकडे सराव आटोपून मुली पोह्यांवर बसलेल्या असताना, ॲडलेडला इब्तिसाम जरैदीने सहाव्या मिनिटाला हेडरवर गोल केला आणि मोरोक्कोने दक्षिण कोरियाला 1-0 ने हरवले. पुढे पर्थला त्यांनी कोलंबियालाही त्याच फरकाने हरवले आणि सामना संपल्यावर साऱ्या खेळाडू मैदानातच घोळका करून एका मोबाइलवर जर्मनी-कोरिया सामन्याच्या निकालाची वाट पाहत उभ्या राहिल्या. तो सामना 1-1 असा सुटला, जर्मनी घरी गेली आणि मोरोक्को बाद फेरीत पोहोचला. मोबाइलभोवतीच्या त्या घोळक्याचे चित्र आमच्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही लावलेले आहे.

कोरियाविरुद्धच्या त्याच सामन्यात नुहैला बेंझिना ही बचावपटू हिजाब घालून खेळली. वरिष्ठ विश्वचषकात असे यापूर्वी कोणीही खेळले नव्हते. आमच्या चौघींनी तो सामना कोणत्या नजरेने पाहिला असेल ते मी सांगायला नको.

ऑर्डर देण्याचे खरे कारण मात्र इतके उदात्त नव्हते. गेल्या हिवाळ्यात एका स्थानिक स्पर्धेत आमच्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडून बचाव करणाऱ्या मुलीला, पंचांनी मैदानाबाहेर काढले, कारण तिने घरातलाच ओढणीसारखा रुमाल डोक्याला गुंडाळून हनुवटीखाली दोन टाचण्या लावल्या होत्या. ती रडली, तिची आई संतापली आणि मीही पंचांशी पाच मिनिटे वाद घातला. घरी येऊन नियमपुस्तक उघडले तेव्हा पंचांचे काहीच चुकले नव्हते, हे कबूल करावे लागले. हिजाबला मनाई नव्हती, मनाई टाचणीला होती. बाहेर काढताना त्यांनी ती दोन वाक्यांत समजावून सांगितली असती तर बरे झाले असते, एवढीच माझी तक्रार उरली.

या नियमामागे बराच इतिहास आहे आणि तो अरब फुटबॉलशी घट्ट बांधलेला आहे. 2007 पासून डोके झाकून खेळण्यास बंदी होती आणि मानेला फास बसण्याचा धोका हे तिचे मुख्य कारण सांगितले जात असे. जून 2011 मध्ये अम्मान येथे ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी आलेल्या इराणच्या महिला संघाला जॉर्डनविरुद्ध खेळूच दिले गेले नाही. इराण अरब देश नव्हे, परंतु ज्यांच्या मैदानावर हे घडले ते जॉर्डनचे लोक मात्र स्वस्थ बसले नाहीत. जॉर्डनचे राजपुत्र अली बिन हुसेन त्या वेळी फिफाचे उपाध्यक्ष होते आणि बंदी उठवण्याचा विषय त्यांनी लावून धरला. 2012 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि मार्च 2014 मध्ये ती कायमची झाली. पुढे 2016 मध्ये जॉर्डननेच सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भरवला, तेव्हा यजमान संघातल्या तस्नीम अबू-रोब आणि गोलरक्षक रंद अल-बुस्तांजी या दोघी हिजाब घालून खेळल्या. म्हणजे आमच्या मुलींच्याच वयाच्या. (याउलट ज्या फ्रान्सने 2023 मध्ये मोरोक्कोला 4-0 ने हरवून स्पर्धेबाहेर काढले, त्या फ्रान्सच्या देशांतर्गत सामन्यांत हिजाबवर बंदी आहे आणि विश्वचषकाच्या तोंडावरच तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती योग्य ठरवली होती.)

नियमपुस्तकातला चौथा नियम सांगतो की हेडकव्हर काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, संघातल्या सगळ्यांचे एकाच रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे, त्याचा कोणताही भाग बाहेर लोंबता नसावा आणि मानेपाशी उघडझाप करणारी धोकादायक रचना नसावी. हा नियम मी मराठीत लिहून, छापून, दुकानाच्या काउंटरवर ठेवला होता. काउंटरमागच्या काकांनी तो वाचला, घडी घातली, पावतीपुस्तकात ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, टोपीच समजा ना. होऊन जाईल.”

तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिली खेप आली तेव्हा चारही हेडकव्हर जर्सीच्या कॉलरला मागच्या बाजूने शिवलेली होती. “निसटू नये म्हणून,” असे काकांचे स्पष्टीकरण होते आणि त्यांच्या दृष्टीने ती आपुलकीच होती. मानेपाशी दोन बोटे रुंदीची वेल्क्रोची पट्टी होती. कापड जर्सीचेच, म्हणजे जाडसर डॉटनिट, आणि त्याला अस्तरही लावलेले. नियमातल्या दोन अटी तर कात्रीनेच निकालात निघाल्या होत्या. तरीही आम्ही कॉलरचे टाके उसवून एक हेडकव्हर सरावात घालून पाहिले. पाऊस पडत होता. पंधरा मिनिटांत कापडाने इतके पाणी धरले की लेफ्ट बॅकने पहिला उंच चेंडू डोक्यावर घेताच सगळे आवरण भुवयांवर उतरले आणि ती आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी हात पुढे करून उभी राहिली. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कानांवर अस्तरासह दोन पदर आल्यामुळे गोलरक्षकाची हाक तिला ऐकूच येत नव्हती आणि मागून येणाऱ्या मुलीवर ती दोनदा आदळली.

मी चारही नग घेऊन परत गेले. या वेळी सुदैवाने काका जेवायला गेले होते आणि गाठ पडली ती आतल्या कटिंग मास्टरशी. या दुकानाला मी जे काही गुण देणार आहे, त्यांतले निम्म्याहून अधिक या एका माणसाचे आहेत. त्यांनी आधी मुलीला आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी आमची लेफ्ट बॅक आईबरोबर आली, तेव्हा मास्टरांनी दुकानातल्या शिलाई करणाऱ्या मावशींना बोलावून तिच्या डोक्याचा घेर, हनुवटीखालून टाळूपर्यंतचे अंतर आणि मानेची उंची अशी तीन मापे घ्यायला लावली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मोबाइलवर बेंझिनाची छायाचित्रे मोठी करून पाहिली. मग लायक्रा मिसळलेले, चारही बाजूंनी ताणले जाणारे पातळ कापड काढले, वेल्क्रो रद्द केला आणि एका हिसक्यात डोक्यावरून चढणारे व तितक्याच सहज निघणारे एकसंध आवरण कापले. कानांवर जाळीच्या कापडाचा छोटा चौकोन बसवला. शिवण फ्लॅटलॉकची, म्हणजे चपटी बसणारी, घातली आणि तिची बाजू बाहेर ठेवली, म्हणजे हेडर मारताना कपाळाला टाक्यांची धार लागत नाही. खालचा भाग कॉलरच्या आत खोचला जातो, पण जर्सीला कुठेही जोडलेला नाही.

रंगाचा प्रश्न त्यांनी मिनिटभरात सोडवला. जर्सी सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग कापडात मुरवून, छापलेली, त्यामुळे तिचा लाल आणि थानातल्या लायक्राचा लाल कधीच जुळणार नव्हते. तेव्हा सरळ काळे घ्या, असे ते म्हणाले. नियमालाही काळे चालते आणि गोलरक्षकाची जर्सी वेगळ्या रंगाची असली तरी अडचण येत नाही.

परंतु मास्टरांच्या हुशारीचा खरा नमुना वेगळाच आहे. चौघी मुली शॉर्ट्सच्या आत पूर्ण लांबीच्या टाइट्स घालतात. नियमानुसार टाइट्सचा रंग शॉर्ट्सच्या मुख्य रंगाशी किंवा शॉर्ट्सच्या सर्वांत खालच्या भागाच्या रंगाशी जुळायला हवा. आमच्या शॉर्ट्स हिरव्या. मी कॅम्पापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत हिंडले, पण हवा तो हिरवा कुठेच मिळाला नाही; जिथे तिथे काळ्या टाइट्स. शॉर्ट्सच काळ्या करायच्या तर मोरोक्कोचा हिरवा गेला, म्हणून मुली रुसलेल्या. मास्टरांनी नियमाचा तो कागद पावतीपुस्तकातून काढून पुन्हा वाचला, ‘सर्वांत खालच्या भागाच्या’ या शब्दांवर बोट ठेवले आणि सोळाही हिरव्या शॉर्ट्सना खाली दोन इंचांची काळी पट्टी लावून दिली. काळ्या टाइट्स नियमात बसल्या आणि शॉर्ट्स दिसायलाही अधिक देखण्या झाल्या. नियमपुस्तक इतके बारकाईने वाचणारी माणसे मी स्पर्धांच्या आयोजकांतही फार पाहिलेली नाहीत.

जर्सींबद्दल थोडक्यात सांगते. कापड हलके आहे, घाम लवकर वाळतो, रंग पक्का आहे. मापे मात्र पुरुषांच्या तक्त्यावरूनच निघतात. आम्ही ‘स्मॉल’ सांगितले होते, तरी पहिल्या खेपेत खांदे कोपरांकडे उतरलेले आणि काखेचा घेर एवढा मोठा की आत पूर्ण बाह्यांचा इनर नसेल तर हात वर करणेही नको वाटावे. मुलींचा वेगळा तक्ता आहे का, असे विचारले तर काका म्हणाले, “लहान पोरांचा आहे.” अखेर सहा जर्सी खांद्यात आणि काखेत दाबून मिळाल्या, उरलेल्या आम्ही तशाच स्वीकारल्या. ज्यांना घाई नाही त्यांनी आधी एक नमुना शिवून घ्यावा, घालून धावून पाहावा आणि मगच बाकीच्या कापायला सांगाव्यात.

आकड्यांचा घोळ आम्हाला सामन्यातच कळला. सात नंबरसाठी संघात भांडण झाले होते, कारण मोरोक्कोची कर्णधार गिझलान शबाक सात नंबर घालते. चिठ्ठ्या टाकून तो आमच्या मिडफिल्डरला मिळाला. दुकानाने निवडलेल्या टोकदार अक्षरवळणात 7 आणि 1 हे दोन्ही आकडे दहा पावलांवरून सारखेच दिसतात. परिणामी पहिल्याच मैत्रीपूर्ण लढतीत मिडफिल्डरने केलेल्या फाउलचे पिवळे कार्ड आमच्या गोलरक्षकाच्या नावावर लिहिले गेले, जी त्या वेळी पन्नास मीटर मागे हातमोजे घट्ट करत होती. आकडे सब्लिमेशनमध्येच छापलेले असल्याने ते पुसता येत नाहीत. दुकानाने साताच्या दांड्यावर पांढरी आडवी रेघ हीट प्रेसने चिकटवून दिली. दोन धुण्यांत तिचे एक टोक सुटले आहे.

तो सात नंबर पुढे आणखी एकदा गाजला. 26 जुलै 2025 रोजी रबातमध्ये आफ्रिकी महिला चषकाचा अंतिम सामना झाला, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शबाकने बाराव्या मिनिटाला गोल केला, सना मसुदीने चोविसाव्या मिनिटाला दुसरा केला, आणि उत्तरार्धात नायजेरियाने तीन गोल करून 3-2 असा चषक नेला. 2022 मध्येही मोरोक्को घरच्याच मैदानावर अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून 2-1 ने हरला होता. शबाकने स्पर्धेत सर्वाधिक गोल केले, पण दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी टर्फवर आलेल्या आमच्या सात नंबरचे डोळे जागरणाने की रडण्याने सुजले होते, ते मी विचारले नाही.

हिशेब असा झाला. जर्सी आणि शॉर्ट्सचा जोड 420 रुपयांना पडला. हेडकव्हरचे आधी 180 रुपये ठरले होते, नव्या कापडाचे 260 झाले; वाढीव 80 रुपये मी आनंदाने दिले आणि पहिली चार हेडकव्हर फुकट गेल्याचे पैसे काकांनी कुरकुर न करता सोडले. उशिराबद्दल मात्र एकदाही आपणहून फोन आला नाही. “उद्या नक्की” हे वाक्य मी अकरा वेळा ऐकले. दुकान दुपारी एक ते चार बंद असते, हे पुण्यात वेगळे सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण मी दोनदा भर उन्हात शटरसमोर उभी राहिले आहे.

हेडकव्हर आता दोन महिने वापरात आहेत. पावसात एकदाही खाली उतरलेली नाहीत, हाक ऐकू येते आणि ऑगस्टच्या स्पर्धेत पंचांनी सामन्याआधी चौघींची पाहणी करून, एकीच्या हनुवटीखालचे कापड बोटाने ताणून पाहून, काही न बोलता पुढे जायला सांगितले. कानावरची जाळी मात्र नाजूक आहे आणि मशीनमध्ये धुतल्याने एकीची उसवली, तेव्हा हाताने धुवावे. गोलरक्षकासाठी पाचवे हेडकव्हर सांगायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. काका जेवायला गेलेले असतील अशा बेताने.