नवीन अंड्यावर आलेल्या बदकीला कॅल्शियम कशातून द्यायचं? लेयर मॅश, शेल ग्रिट, टरफलं की सिरप

खाकी कॅम्पबेल जातीची बदकी साधारण पाचव्या महिन्यात अंड्यावर येते, म्हणजे अंडी घालायला लागते, पेकिन जातीची थोडी उशिरा, आणि नेमकं याच वेळी घरोघरी गडबड सुरू होते. कोणी म्हणतं कॅल्शियमचं सिरप पाजा, कोणी म्हणतं अंड्याची टरफलं टाका, दुकानदार लेयर मॅशची, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या तयार भरड खाद्याची, गोणी पुढे करतो. सगळ्यातून कॅल्शियमच मिळतं हे खरं, पण ते किती मिळतं, कधी मिळतं आणि घरातल्या नराच्या पोटात किती जातं यात खूप फरक पडतो.

आधी गरज किती ते बघू. बदकाचं अंडं 70 ग्रॅमचं धरलं तर कवच साधारण 7 ग्रॅमचं, आणि त्यात अडीच ग्रॅमच्या वर निव्वळ कॅल्शियम. खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, अंदाजे अर्धंच लागतं, म्हणजे रोज अंडं देणाऱ्या मादीला रोज पाच ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं. ग्रोअर खाद्यात, म्हणजे वाढत्या वयातल्या पक्ष्यांच्या खाद्यात, कॅल्शियम असतं एक टक्का, दिवसाला दीडशे ग्रॅम खाल्लं तरी दीडच ग्रॅम झालं. उरलेलं ती स्वतःच्या हाडातून काढते, आणि मग एके सकाळी खुराड्यात कवचच नसलेलं, नुसत्या पातळ पडद्यातलं अंडं सापडतं, उचलायला जावं तर बोटांत दबतं. सुरुवातीची एक-दोन अंडी अशी आली तर घाबरू नका, नवीन मादीचं होतं तसं, पण पुढेही येत राहिली तर खाण्याकडे बघायलाच हवं.

लेयर मॅश. यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, म्हणजे मादीने पोटभर फक्त हेच खाल्लं तर हिशोब जुळतो. पण पाळलेली बदकं फक्त हेच खातात कुठे, भात, चपातीचे तुकडे, पालेभाजी हे रोजचं चालू असतं आणि तितकी मॅश कमी खाल्ली जाते. दुसरी अडचण म्हणजे नर आणि लहान पिल्लं त्याच भांड्यात चोच घालतात. अंडं न देणाऱ्या पक्ष्याला महिनोन्महिने इतकं कॅल्शियम गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो, पिल्लांना तर जास्तच, त्यामुळे पहिलं अंडं दिसायच्या कितीतरी आधीपासून "तयारी म्हणून" लेयर मॅश सुरू करू नका. आणि पावसाळ्यात गोणीला जरा जरी बुरशीचा वास आला तर ती टाकून द्या, मक्यावर आणि शेंगदाणा पेंडीवर येणारं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कोंबड्यांपेक्षा बदकांना फार लवकर बाधतं. मॅश पाण्यात भिजवून द्यायची, कोरडी चोचीत चिकटते, आणि भिजवलेली उरली तर संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही.

शेल ग्रिट म्हणजे शिंपल्यांचा भरड चुरा, माझी पसंती यालाच. वेगळ्या वाटीत ठेवायचा, खाद्यात मिसळायचा नाही, मादी लागेल तेवढं खाते आणि नर सहसा फारसा तोंड लावत नाही. मोठा फायदा रात्री होतो. बदकं अंडी पहाटे घालतात, कवच रात्रभर तयार होत असतं, आणि तेव्हा पोट तर रिकामं असतं, पण हे जाड तुकडे पेषणीत (पोटाचा दाणे दळणारा भाग) हळूहळू विरघळत राहतात. बारीक पावडर तोवर निघून गेलेली असते. कोकणात किंवा गोव्यात असाल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या घरचीच गोष्ट, मीठ-मसाला जाईपर्यंत धुवायच्या, वाळवायच्या, भाजून कुटायच्या, टोकदार कपच्या राहू द्यायच्या नाहीत. दुकानात घेताना एक बघा, स्टोन ग्रिट वेगळी, ती दाणे दळायला असते, त्यातून कॅल्शियम मिळेल हे गृहीत धरू नका.

अंड्याची टरफलं फुकट मिळतात आणि चांगलीही आहेत, नीट भाजून चुरली तर. फक्त घरात तेवढी जमत नाहीत. ग्रिट संपली असेल तेव्हा उत्तम.

सिरप मात्र रोजची गोष्ट नाही. पिण्याच्या पाण्यात घातलं तर बदक त्याच पाण्यात डोकं बुडवतं, चोच धुतं, अर्धं सांडतं, डोस किती गेला कळतच नाही. त्यात डी-3 जीवनसत्त्व असल्याने अंदाजाने ओतणंही बरं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर त्यांनी सांगितलेल्या मापाने थेट द्यायचं. (दिवसभर उन्हात फिरणाऱ्या मादीला डी-3 तसंही मिळत असतं, बंद गॅलरीतलीची गोष्ट वेगळी.) पानात खायचा चुना कृपा करून देऊ नका, तो तोंड-घसा भाजतो. दूधही नको, बदकाला ते पचत नाही.

आता अंडं अडकलं असेल तर वरच्यातलं काहीच कामाचं नाही. मादी उभी राहून शेपूट वरखाली करते, कुंथते, पाय ताठ किंवा लुळे, चाल पेंग्विनसारखी उभी, खाणं बंद. कॅल्शियम कमी असलं की कवच मऊ होतं आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचा जोरही जातो, म्हणून दोन्ही संकटं एकदमच येतात. कोमट पाण्यात बसवा, शांत अंधाऱ्या जागी ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, ते एक्स-रे काढून गरजेप्रमाणे कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर जीवावर बेततं.

अजून एक, मांजराच्या भीतीने खुराड्यात रात्रभर बल्ब लावत असाल तर तो काढा आणि त्याऐवजी जाळी पक्की करा. 14-15 तास उजेड मिळाला की कोवळी मादी शरीर भरायच्या आधीच अंड्यावर येते, आणि नंतर थांबतही नाही. पिसं गाळायला लागून तिने अंडी बंद केली की लेयर मॅश बंद करून साध्या खाद्यावर आणा, ग्रिटची वाटी मात्र तिथेच राहू द्या.