सूतगिरणीच्या छपराखालची नऊशे माणसं: उपग्रहावरून लोकसंख्या मोजून घेतल्याचा अनुभव

पाणीपुरवठा योजनांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणाऱ्या एका छोट्या कन्सल्टंटकडे मी चौदा वर्षं नोकरीला आहे. आमच्या धंद्यात सगळं एका आकड्यावर उभं असतं: माणसं किती? टाकी केवढी, पाईप किती इंची, पंप किती हॉर्सपॉवरचा, सगळं तिथून सुरू होतं. शहरात भुयारी गटार असेल तर माणशी रोज १३५ लिटर, हा केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मॅन्युअलचा हिशेब. दहा हजार माणसं इकडची तिकडं झाली की रोजचं साडेतेरा लाख लिटर पाणी कागदावर वाढतं नाहीतर गायब होतं.

तो आकडा आणायचा कुठनं? शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडात राहिली ती राहिलीच. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलीय. तोवर आम्ही मॅन्युअलमधल्या पद्धती लावतो. आमच्या इचलकरंजीचंच घ्या. २००१ ला साधारण २ लाख ५७ हजार, २०११ ला २ लाख ८७ हजार. दर दहा वर्षांना तीस हजार सरळ मिळवत गेलं तर २०२७ ला ३ लाख ३५ हजार येतात. टक्क्यानं वाढवलं तर ३ लाख ४२ हजार. दोन्ही उत्तरं खुर्चीत बसून निघतात, गावात पाऊल टाकावं लागत नाही. शहराच्या एकूण आकड्याला हे चालूनही जातं. पण साहेबांना पाहिजे होता गावाच्या कडेच्या एकाच भागाचा आकडा, जिथं २०११ ला निम्मी उसाची रानं होती. तिथं कशात काय मिळवणार? शिवाय कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ ही गावं कागदावर वेगळी, पण वरून बघितलं तर छपराला छप्पर लागलेलं. हद्द फक्त नकाशावर दिसते.

म्हणून मागच्या वर्षी साहेबांनी एका कंपनीकडून उपग्रह-चित्रांवरून त्या भागाची लोकसंख्या काढून घेतली. नाव लिहीत नाही, विचारूही नका. पंचाहत्तर हजार अधिक जीएसटी. तीन आठवड्यांनी अठ्ठावीस पानांची पीडीएफ आली. दिसायला देखणी, गुळगुळीत, लाल-केशरी-पिवळ्या चौकटी आणि पहिल्याच पानावर आकडा: १९,४००. साहेब खूश. मीही खूश होतो, कारण माझं काम वाचलं होतं.

नवव्या पानावरचा नकाशा मोठा करून बघेपर्यंत.

सगळ्यात गडद लाल चौकटी कुठं होत्या माहितेय? सूतगिरणीवर. माझं बालपण त्या गिरणीच्या भोंग्यावर गेलंय, त्यामुळं छप्पर ओळखायला वेळ लागला नाही. त्या चार-पाच चौकटींची बेरीज केली तर नऊशेच्या वर माणसं. गिरणीत राहतो कोण? एक वॉचमन, त्याची बायको आणि दोन पोरं. फोन लावला. पलीकडचा मुलगा फार सभ्य होता. म्हणाला, "सर, मॉडेल तसं सांगतंय."

मॉडेल तसं का सांगतं याचं उत्तर त्यांच्याच अकराव्या पानावर होतं. बांधकामाचं क्षेत्र आणि रात्रीचे दिवे, या दोन गोष्टींना वजन देऊन माणसं वाटली होती. छप्पर मोठं म्हणजे माणसं जास्त, उजेड जास्त म्हणजेही माणसं जास्त. बाकी कुठं हे ठीक असेलही. यंत्रमागाच्या गावात छप्पर मोठं म्हणजे आत माग, आणि रात्रभर उजेड म्हणजे रातपाळी. सुताला खळ लावणारे सायझिंग, कापडाचे प्रोसेस, मागाचे कारखाने, सगळे त्या नकाशावर गजबजलेल्या वस्त्या झाले होते. एक मंगल कार्यालयसुद्धा. तिथं निदान लग्नाच्या दिवशी तरी तेवढी माणसं असतात.

पैसे गेलेच होते. म्हणून मग मी फुकटात काय मिळतं ते बघायला लागलो, आणि खरा अभिप्राय मला त्याच्यावर द्यायचाय.

पहिली गोष्ट, जगभराचे तयार लोकसंख्या-नकाशे. युरोपियन कमिशनच्या जॉइंट रिसर्च सेंटरचा जीएचएस-पॉप आहे, साउदॅम्प्टन विद्यापीठाचा वर्ल्डपॉप आहे, दोन्ही शंभर मीटरच्या चौकटींचे. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेचा लँडस्कॅन आहे, त्याची चौकट साधारण एक किलोमीटरची, आणि तो माणूस झोपतो कुठं हे धरत नाही, चोवीस तासांत सरासरी असतो कुठं ते धरतो. उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि देश किंवा जिल्ह्याच्या पातळीवर पूर, साथ, लसीकरण असल्या कामाला यांचा उपयोग मोठा आहे. पण हे थर, म्हणजे हे नकाशे, बनतात कसे ते समजून घ्या. जनगणनेची मोठ्या तुकड्याची बेरीज घ्यायची, ती चालू वर्षापर्यंत अंदाजानं ओढायची आणि त्या तुकड्यातल्या बांधकामावर पसरायची. म्हणजे भारतातल्या एखाद्या गल्लीची आजची संख्या त्यांना विचारली तर आपलाच २०११ चा आकडा वाढवून, रंग लावून आपल्याला परत मिळतो. त्यात त्यांची लबाडी नाही, ते स्वतःच तसं लिहून ठेवतात. वाचत आपण नाही.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या कामाची निघाली: नुसती छपरं. गूगलचं 'ओपन बिल्डिंग्ज' म्हणून एक भांडार आहे. २०२१ ला आफ्रिकेपासून सुरू झालं, पुढच्या वर्षी दक्षिण आशिया आला, आणि २०२३ च्या आवृत्तीत १८० कोटी इमारतींच्या बाह्यरेषा आहेत. प्रत्येक छपराचा आकार, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, आणि 'ही इमारतच आहे' याची खात्री किती ते दशांशात. बस्स. आत कोण राहतं, घर आहे की गोठा, यावर ते अवाक्षर काढत नाही. मला हे फार आवडलं. जेवढं दिसतं तेवढंच सांगणारा माणूस बरा.

ते उघडायला क्यूजीआयएस, नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर. हेही फुकट, २००२ पासून लोक मिळून बनवतायत. माझा लॅपटॉप आठ जीबीचा, जुना. आपल्या भागाची फाईल अख्ख्या पट्ट्याची येते, ती तशीच उघडायला गेलो आणि मशीन अर्धा तास थिजलं. आधी आपल्या भागापुरतं कापून घ्या, मग उघडा. आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. काही नवी छपरं गूगल अर्थवर बघून मी हातानं रेखाटली आणि क्षेत्रफळ काढायला area सूत्र वापरलं ते अक्षांश-रेखांशातल्या लेयरवर. प्रत्येक घराचं क्षेत्रफळ शून्य पूर्णांक, मग सात-आठ शून्यं, मग काहीतरी. ते अंशांत मोजत होतं! लेयर आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात नेऊन ठेवा, पश्चिम महाराष्ट्राला तोच लागतो. माझा एक अख्खा शनिवार त्यात गेला.

त्या भागात एकूण छपरं निघाली २,१४०. बारा चौरस मीटरच्या आतली सगळी वगळली: संडास, टपऱ्या, कोंबड्यांची खुराडी. दोनशेच्या वरची एकेक करून डोळ्यांनी बघितली. इथं गावचा माणूस लागतो. सिमेंटच्या पत्र्याची लांबच्या लांब पट्टी आणि शेजारी सूत गुंडाळलेले बीम उतरवायला टेम्पो लागलेला, म्हणजे कारखाना. तरी फसगत होतेच, कारण आमच्याकडं खाली माग आणि वर मालकाचं घर असाही प्रकार भरपूर. शेवटी राहिली १,६१२ छपरं. त्यांचे तीन ढीग केले: भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, स्वतंत्र घरं आणि अपार्टमेंट.

अपार्टमेंटची अडचण अशी की वरून छप्पर एक, खाली मजले चार. त्यावर मला एक युक्ती सापडली, कुणी शिकवली नाही. चित्र मोठं केलं की गच्चीवरच्या काळ्या टाक्या ठिपक्यांसारख्या दिसतात. टाक्या मोजल्या की बिऱ्हाडांचा अंदाज येतो. सहा अपार्टमेंटमध्ये जाऊन ताडून बघितलं, पाच ठिकाणी जवळपास जुळलं. सहाव्यात बिल्डरनं सगळ्यांना मिळून एकच मोठी सिमेंटची टाकी बांधली होती.

आता छपरं मिळाली, डोकी नाहीत. डोक्यांसाठी चालावं लागतं. क्यूजीआयएसमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड करता येते, त्यातनं साठ छपरं काढली आणि आमच्या ऑफिसातला अभि आणि मी दोन रविवार फिरलो. प्रश्न एकच ठरवला होता: "काल रात्री इथं किती जण झोपले?" घरात किती माणसं असं विचारलं की लोक गावाकडच्या आजीपासून दुबईतल्या भावापर्यंत सगळे मोजतात.

पहिल्याच चाळीत आमची गंमत झाली. दहा बाय बाराची खोली, दारात पाच जोड चपला. आत तीन पोरं झोपलेली, भर दिवसा अकरा वाजता. शेजारच्या खोलीतल्या बाई धुणं पिळत होत्या. त्यांना विचारलं, "वहिनी, काल रात्री या खोलीत किती जण झोपले?" त्या म्हणाल्या, "रात्री इचारताय का दिवसा?" रात्री चार, दिवसा तीन. अंथरूण तेच. बारा बारा तासांच्या पाळ्या, एक गडी उठला की दुसरा आडवा. माझा तो हुशारीनं ठरवलेला प्रश्न तिथंच बाद झाला. त्या दिवसापासून चाळीत दोन प्रश्न विचारायला लागलो आणि दोन्ही आकडे मिळवायला लागलो, कारण पाणी दोघांनाही लागतं.

तिथूनच पुढं एक खानावळ होती. मावशींना सहज विचारलं तर त्यांनी वहीच काढली. कुठल्या चाळीतले किती मेंबर, कोण बिहारचा, कोण विजापूरकडचा, कोण दिवाळीला जाऊन परत आला नाही, सगळं लिहिलेलं. एकट्या राहणाऱ्या गड्यांचा हिशेब त्या वहीइतका चोख मला दुसरीकडं कुठं मिळाला नाही. घरफाळ्याच्या रजिस्टरात अख्खी चाळ म्हणजे मालकाच्या नावची एक ओळ.

हिशेब असा बसला. चाळी ९४०, दर छपराला सरासरी साडेसात माणसं. स्वतंत्र घरं ५९०, सरासरी सहा. अपार्टमेंट ८२, सरासरी एकतीस. बेरीज १३,१३२. साठ छपरांच्या जिवावर काढलेली सरासरी आहे, त्यामुळं हजार-दीड हजार इकडंतिकडं मी धरूनच चालतो, आणि तसं डीपीआरमध्ये लिहिलंही. कंपनीच्या आकड्यापेक्षा सहा हजारांनी कमी. त्या सहा हजार न जन्मलेल्या माणसांसाठी रोजचं साडेआठ लाख लिटर पाणी, म्हणजे एक अख्खी टाकी, आपण बांधणार होतो.

त्या कंपनीवर मी अन्याय करत नाही. त्यांची छपरं चुकलेली नव्हती, बांधकामाची हद्द तर माझ्यापेक्षा काटेकोर होती. आणि जिथं जाताच येत नाही तिथं वरून मोजण्याला पर्याय नसतो. उत्तर नायजेरियात पोलिओच्या मोहिमेला घरं सापडली ती उपग्रहाच्या चित्रांवरूनच. पण तिथंही काही निवडक तुकड्यांत माणसं पाठवून डोकी मोजली होती आणि ती सरासरी बाकीच्या वस्तीला लावली होती. इचलकरंजीत यायला एसटी आहे, आणि तरी कुणी आलं नाही, माझी तक्रार एवढीच.

गुण द्यायचे तर क्यूजीआयएसला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माझ्या शनिवारचा. छपरांच्या भांडाराला चार, कारण कुठलं छप्पर कुठल्या तारखेच्या चित्रातलं ते कळत नाही, आणि एकमेकांना चिकटलेल्या चाळींची रेघ कुठं तोडायची हे वरून बघणाऱ्या कुणालाच धड जमत नाही. आमच्या भागात शंभरेक ठिकाणी मला ती हातानं तोडावी लागली. जगभराच्या तयार थरांना तालुक्याच्या वरच्या कामासाठी चार, वॉर्डासाठी एक. विकतच्या रिपोर्टला दोन, दोन्ही छपाईचे.

विकत घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी त्यांच्याकडून तुम्हाला पाठ असलेल्या तीनच ठिकाणचे आकडे मागा: एक कारखाना, एक मंगल कार्यालय आणि एक भाड्याची चाळ. आमच्या साहेबांनी पुढच्या गावच्या कामासाठी दुसऱ्या एका कंपनीला हेच विचारलं. विचारून चार दिवस झाले, पलीकडून उत्तर अजून आलेलं नाही. अभिनं तेवढ्यात छपरं उतरवून घेतलीत.