उमर अल सोमा की उमर खरिबीन: सीरियाच्या कोणत्या आघाडीपटूचे सामने आधी पाहावेत?

जुने सामने पाहून आघाडीपटूचे काम समजून घ्यायचे असेल आणि त्यासाठी सीरियाचा एकच खेळाडू निवडायचा असेल, तर निवड बहुधा उमर अल सोमा आणि उमर खरिबीन या दोघांतच होते. सोमाचा जन्म १९८९ साली देर अझ-झोर येथे झाला, तर खरिबीनचा १९९४ साली दमास्कसमध्ये. यादवी युद्धाच्या काळात दोघांचेही नाव परदेशी क्लबांतूनच मोठे झाले.

क्लब पातळीवर सातत्य हाच निकष मानला, तर सोमाचे पारडे निःसंशय जड आहे. कुवेतच्या अल कादसिया क्लबकडून खेळल्यानंतर तो २०१४ साली जेद्दाहच्या अल अहलीत दाखल झाला आणि पहिल्या तिन्ही मोसमांत सौदी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला: अनुक्रमे २२, २७ आणि २४. यांतल्या मधल्या मोसमात अल अहलीने ३२ वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळवले. उंचापुरा, हेडरमध्ये वरचढ आणि फ्री किकवर जोरकस फटका मारणारा असा हा पारंपरिक घाटाचा मधला आघाडीपटू आहे.

खरिबीनची क्लब कारकीर्द अधिक विस्कळीत आहे. इराक, अमिरात, सौदी, इजिप्त आणि पुन्हा अमिरात असा तो फिरत राहिला. मात्र त्याचे २०१७ हे एक वर्ष सोमाच्या कोणत्याही मोसमापेक्षा झळाळते आहे. रियाधच्या अल हिलालकडून त्याने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक १० गोल केले. उपांत्य फेरीत इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध ४-० असा जो विजय मिळाला, त्यात त्याची हॅटट्रिक होती. अंतिम फेरीत जपानच्या उरावाने अल हिलालला हरवले, तरीही त्या वर्षीचा आशियातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार खरिबीनलाच मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला सीरियन, आणि अंतिम तिघांत मागे राहिलेल्यांपैकी एक होता सोमा.

राष्ट्रीय संघाचा विचार करताना मात्र गोलांच्या बेरजेवर फार विसंबू नये, कारण सोमाची पाच ऐन उमेदीची वर्षे या हिशेबात नाहीतच. २०१२ साली पश्चिम आशियाई स्पर्धा जिंकल्यावर त्याने सीरियातील सरकारविरोधकांचा ध्वज हाती घेतला आणि त्यानंतर थेट २०१७ पर्यंत तो देशाकडून खेळला नाही. त्याच्या गैरहजेरीत विश्वचषक पात्रता फेरीचे ओझे ज्यांनी वाहिले, त्यांत खरिबीन होता. युद्धामुळे सीरियाला ‘घरचे’ सामने मलेशियातील मलाक्कात खेळावे लागत होते. तिथे मार्च २०१७ मध्ये उझबेकिस्तानविरुद्ध अगदी अखेरीस मिळालेली पेनल्टी त्याने गोलरक्षकाला चकवून मधोमध अलगद टाकली. अशा क्षणी हे धाडस करायला थंड डोके लागते.

पुढे सोमा परतला आणि सप्टेंबरमध्ये तेहरानमध्ये इराणविरुद्ध भरपाई वेळेत २-२ अशी बरोबरी साधून त्याने संघाला प्लेऑफमध्ये नेले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मलाक्कातील १-१ बरोबरीत पेनल्टीवरचा गोल त्याचाच, आणि सिडनीत सहाव्याच मिनिटाला पहिला गोलही त्याचाच. टिम केहिलच्या दोन हेडरमुळे जादा वेळेत सीरिया मागे पडला आणि दहा खेळाडूंनिशी झुंजत असताना अगदी शेवटी सोमाची फ्री किक गोलखांबावर आदळली. अवघ्या काही इंचांनी बरोबरी हुकली.

भारतीय वाचकाला मात्र खरिबीन अधिक आठवत असेल. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात अल खोर येथे ७६व्या मिनिटाला त्याने केलेल्या एकमेव गोलाने भारत हरला आणि सीरिया प्रथमच बाद फेरीत पोहोचला. तिथे इराणविरुद्ध बरोबरीचा गोलही त्याचाच होता, पण पेनल्टी शूटआउटमध्ये संघ बाहेर पडला. त्या संघातून सोमाला प्रशिक्षक हेक्टर कूपर यांनी वगळले होते.

म्हणून गोलक्षेत्रात उभे राहून चेंडूची वाट कशी पाहावी, क्रॉसवर उडी केव्हा घ्यावी, हे ज्याला शिकायचे किंवा शिकवायचे आहे, त्याने सोमाचे अल अहलीतील पहिले तीन मोसम पाहावेत. तिथे एकच कौशल्य वारंवार दिसते, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. देशाच्या संघात आघाडीपटू कसा टिकतो, हा प्रश्न असेल तर खरिबीन निवडावा. माझा स्वतःचा कौल सोमाकडे आहे. दोघांनाही एकाच सामन्यात जोखायचे असेल, तर २०१९ च्या आशियाई चषकातील ऑस्ट्रेलियाविरुद्धची ३-२ अशी हार पाहावी. सीरियाच्या दोन गोलांपैकी एक खरिबीनचा आहे आणि दुसरा सोमाचा, पेनल्टीवरचा.