सगळं बंदर द्यावं की फक्त एक धक्का? श्रीलंकेतले तीन करार

डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदरात ७४ टक्के वाटा जेएनपीएचा, म्हणजे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा आहे. प्रश्न उरतो तो टर्मिनल, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे धक्के, चालवण्याचा. ते काम परदेशी कंपन्यांना द्यावं का, यावर मत बनवत असाल तर आधी श्रीलंकेकडे बघा. चायना मर्चंट्स या एकाच चिनी कंपनीने तिथल्या दोन बंदरांत काम घेतलं आणि दोन्हीकडे परिणाम अगदी वेगळे झाले.

कोलंबोत २०११ साली करार झाला. मुदत ३५ वर्षं, कंपनीचा हिस्सा ८५ टक्के, श्रीलंका बंदर प्राधिकरणाचा १५. समुद्रातला लाटरोधक बांध प्राधिकरणाने बांधला, आतलं नवं टर्मिनल कंपनीने आपल्या खर्चाने उभारलं. १८ मीटर खोलीमुळे तिथे सर्वात मोठी कंटेनर जहाजं लागू लागली, आणि त्यांतला बराच माल भारताचा असतो. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी याच टर्मिनलला लागली तेव्हा दिल्लीने तीव्र नाराजी कळवली. पण कामगार रस्त्यावर आले नाहीत, मंत्र्यांची पदंही गेली नाहीत.

हंबनटोटात सगळंच पेटलं. ते बंदर चिनी कर्जातून बांधलेलं, २०१० मध्ये सुरू झालेलं, आणि जहाजांची वाट बघत पडलेलं. २०१७ मध्ये १.१२ अब्ज डॉलर घेऊन ते त्याच चायना मर्चंट्सला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं गेलं. त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, नोकरी जाईल या भीतीने संपावर गेलेल्या कामगारांनी एक जहाज अडवून धरलं. ते सोडवायला नौदल आलं. महिन्याभरात बंदरासोबतच्या नियोजित औद्योगिक क्षेत्राच्या १५ हजार एकरांवरून गावकरी आणि बौद्ध भिक्खू पोलिसांना भिडले. बंदरमंत्री होते अर्जुन रणतुंगा, १९९६ च्या विश्वविजेत्या संघाचे कर्णधार. कराराच्या अटींवर त्यांचा आक्षेप होता. मे २०१७ मध्ये त्यांचं खातं बदललं. ऑगस्टमध्ये, करारावर उघड टीका करणाऱ्या न्यायमंत्र्यांना मंत्रिमंडळातून काढलं.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. ‘कर्ज फिटलं नाही म्हणून चीनने बंदर घेतलं’ असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पण त्या पैशातून बंदराचं कर्ज फेडलं गेलं नाही. पैसा परकीय चलनाच्या गंगाजळीत गेला, आणि कर्जाचे हप्ते श्रीलंकेच्याच माथी राहिले. माझ्या मते हे जास्त वाईट आहे.

तिसरा करार भारताशी जोडलेला आहे. कोलंबोचं पूर्व टर्मिनल भारत आणि जपानच्या साथीने चालवायचं २०१९ मध्ये ठरलं. त्यात ५१ टक्के हिस्सा श्रीलंकेकडेच राहणार होता, तरी कामगार संघटनांनी तो बेत हाणून पाडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने माघार घेतली. मग बदल्यात पश्चिम टर्मिनल अदानींना मिळालं: ३५ वर्षं, हिस्सा ५१ टक्के, श्रीलंका प्राधिकरणाचा जेमतेम १५. अटी देशाला कमी फायद्याच्या, तरी तसा भडका उडाला नाही. कारण पूर्व टर्मिनल लोकांच्या पैशातून अर्धंमुर्धं उभं होतं. पश्चिमेचं अजून बांधायचं होतं.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. कंपनीच्या पासपोर्टइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तिच्या हाती काय जातंय ते बघा. नवं टर्मिनल ठरावीक मुदतीने द्यायला माझी हरकत नाही. जमिनीसकट अख्खं बंदर ९९ वर्षांसाठी देऊ नये, मग घेणारा कितीही जवळचा मित्र असो.

करारात आणखी एक कलम शोधा: कंपनीच विकली गेली तर काय? न्हावा-शेवाचं पहिलं खासगी टर्मिनल पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीला मिळालं होतं. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने ती कंपनीच विकत घेतली आणि टर्मिनलचा चालक बदलला. त्याच खरेदीवरून अमेरिकी काँग्रेसमध्ये एवढं वादळ उठलं की डीपी वर्ल्डला पी अँड ओची तिथली टर्मिनलं विकून टाकावी लागली.

वाढवणला मात्र चालक कोण हा प्रश्न नंतरचा आहे. याच पी अँड ओचा वाढवणचा प्रस्ताव डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. तेव्हा बंदर बांधू पाहणारी कंपनी परदेशी होती, आज ती सरकारी आहे. आपलं मासेमारीचं पाणी जाईल म्हणून तिथले मच्छीमार तेव्हाही विरोधात होते आणि आजही आहेत.