रोजच्या गाडीला उघडी चेन कशासाठी? (१२५ सीसी, अकरा हजार किलोमीटरनंतर)

सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर पिळला आणि मागून 'खट्' असा आवाज आला. गाडीनं एक गचका दिला आणि मग काही झालंच नाही अशी चालायला लागली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, दातांवरून उडी मारत होती. रनिंग जेमतेम अकरा हजार.

म्हणून हे लिहायला बसलोय. इंजिन, टाकी, सीटची उंची हे आकडे १२५ सीसी घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात, ते पुन्हा उगाळत नाही. बाकीचंही पटकन उरकतो. इंजिन झकास आहे. मागे माणूस बसला आणि पूल चढायचा असला तर ११० सीसीच्या गाडीला गिअर उतरवावा लागायचा, हिला लागत नाही. डिस्प्ले ॲव्हरेज ६५ दाखवतो, टाकी फुल टू फुल मोजलं की ५८ ते ६० येतं. तरी तक्रार नाही. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पावसात त्याचा आधार वाटतो. सीट तासाभरानंतर टोचते, पण रोजचा प्रवास तासाभराचा नाहीच. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारं बटण मी पहिल्याच आठवड्यात ऑफ केलं, ते आजतागायत ऑफच आहे.

आता चेन.

या कंपनीच्याच साध्या मॉडेलला पूर्ण बंद चेनकव्हर येतं. मी घेतलेल्या मॉडेलला वरच्या बाजूला एक प्लॅस्टिकची पट्टी आहे, बस्स. का? तर गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून. ज्या गाडीवर डबा लटकवून ऑफिसला जायचं, तिनं स्पोर्टी दिसून कोणाला दाखवायचं आहे? मागच्या चाकानं उडवलेली माती, पाणी, बारीक रेती थेट चेनवर. बाहेर लावलेलं तेल तीच रेती धरून ठेवतं आणि पॉलिश पेपरसारखी घासाघीस सुरू होते. मोठ्या गाड्यांच्या चेनला पिनांपाशी रबरी रिंगा असतात आणि आतलं ग्रीस आतच राहतं. हिला साधी चेन आहे. म्हणजे रिंगाही नाहीत आणि कव्हरही नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी टाकली. तिथल्या साहेबांनी न वाकता निदान केलं: "ओपन चेन आहे सर, एवढीच चालते. वॉरंटीत नाही बसत." झिजणारा भाग वॉरंटीत नसतो हे मला माहीत आहे. पण एवढ्या लवकर का झिजला, हा माझा प्रश्न होता. आधीच्या सर्व्हिसिंगची जॉब कार्डं मी जपून ठेवतो (घरचे हसतात, हसू देत). प्रत्येकावर 'चेन टाईट' लिहिलेलं. मॅन्युअल म्हणतं, खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर ढील हवी. मी मेकॅनिकला म्हटलं, मी गाडीवर बसतो, तू आता मोज. बसलो, तर चेन तारेसारखी ताठ.

यामागचं कारण साधं आहे. मागचं चाक स्विंगआर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) बसतं, ते त्याच्या पिव्होटभोवती, म्हणजे दांडा जिथे फिरतो त्या खिळीभोवती, वर-खाली होतं आणि पुढचं स्प्रॉकेट त्या पिव्होटच्या थोडं पुढे असतं. वजन पडलं, शॉक ॲबसॉर्बर दबले आणि पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट, मागचा ॲक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. डबल स्टँडवर चाक लोंबकळत असताना चेन 'छान टाईट' केली, तर माणूस बसल्यावर तिला ढील उरतच नाही. मग चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग असं सगळंच ओढलं जातं. ढिली चेन निदान आवाज करून सांगते. अति टाईट चेन गपचूप खाते.

यावर साहेबांचं उत्तर: "सगळ्यांच्या अशाच करतो." लेखी तक्रार दिली, मॅन्युअलचं ते पान जोडलं. बराच वाद झाल्यावर मजुरी माफ झाली, नव्या सेटचे (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) पैसे मलाच भरावे लागले. जुनी चेन मात्र मागून घेतली आणि घरी ताणून मोजली. हिच्या एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर, म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. माझ्या दोनशे साठच्या पुढे गेलेल्या. साधारण दोन टक्के वाढली की चेन गेली म्हणायची, म्हणजे २५९ च्या आसपास. लोखंड ताणलं जातं असं बरेच जण समजतात, पण खरं तर कड्या जोडणारी प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचं बुश (नळी) थोडं थोडं झिजतं आणि त्याची बेरीज होते.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा गाडीला पाचपैकी दोनच द्यायचे ठरवले होते. मजकूर तसाच पडून राहिला, मध्ये दोनेक महिने गेले आणि मत थोडं हललं आहे.

नवा सेट बसल्यावर चेन मी स्वतःच बघतो. साधारण ५०० किलोमीटरला रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं साफ करायची, कोरडी पुसायची आणि ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या धारेला आतल्या बाजूनं सोडायचं, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेनं पसरत कड्यांत शिरतं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना केलं तर तेल जास्त चांगलं मुरतं. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून चेनला फडकं लावणारे मी पाहिले आहेत. बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं तर परत मिळत नाही. तर असं केल्यापासून ढील जवळजवळ हललेलीच नाही आणि गिअर टाकताना येणारा खडखडाटही गेला. तो आवाज मी इतके दिवस गिअरबॉक्सच्या नावावर खपवत होतो.

दुसरं म्हणजे, ऑफिसमधल्या एकाची बंद कव्हरवाली गाडी. त्याच्यापुढे मी कव्हरचे गोडवे गात होतो, म्हणून त्यानं कौतुकानं कव्हरवरचं रबरी बूच काढून दाखवलं. आत चेन लालभडक गंजलेली आणि बोटानं उचलली तर कव्हरच्या पत्र्याला लागेल इतकी ढिली. दिसतच नाही म्हटल्यावर कोण बघतो! माझी निदान रोज दिसते, ढील हलली की पार्किंगमध्येच कळते.

तरीही माझं म्हणणं कायम आहे: रोजच्या गाडीला बंद कव्हर हवं, आणि त्याला ते बूचही हवं. मी रविवारी रॉकेलचे हात करून घेतो म्हणून सगळ्यांनी करावं का? पावसाळ्यात तर हा उद्योग आठवड्यालाच करावा लागतो आणि पॅन्टच्या पायाला काळा डाग ठरलेला. बाहेरून कव्हर बसवायचाही प्रयत्न केला, पण स्विंगआर्मला त्याची भोकंच नाहीत. साध्या मॉडेलचं कव्हर हिला बसत नाही.

आता पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड पूर्ण चेनचा आहे, सीटला मी माफ केलं.

सेट बदलायची वेळ आली तर तिन्ही भाग एकदम बदला. फक्त चेन नवी टाकली तर झिजलेले दात तिलाही लवकर खातात. पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या साधारण एक तृतीयांश असतं, म्हणजे जवळपास तिप्पट वेळा फिरतं, त्यामुळे त्याचे दात आधी बघायचे. त्याच्यावर झाकण असतं, ते उघडायला सांगावं लागतं. आणि जोडकडीची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप तपासूनच गाडी ताब्यात घ्या: तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. एवढ्या भांडणानंतर बसवलेल्या माझ्या सेटला ती उलटी होती. घरी आणून पक्कडीनं काढली आणि फिरवून बसवली.