हार्ड डिस्क काढून एसएसडी, वर कोरं विंडोज : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मशीन सोलापूर एमआयडीसीतल्या कापड कारखान्याच्या ऑफिसातलं : इंटेलचा आठव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून ४८० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (चकती न फिरणारा, चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह; साटा म्हणजे तो जोडायची केबलची पद्धत) बसवली आणि विंडोज ११ नव्यानं टाकलं. तेव्हापासून टॅली, ई-वे बिलं आणि मराठी पत्रं रोज यावरच चालतात.

वेगाबद्दल तक्रारीला जागाच नाही. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. जुनी डिस्क १००च्या आसपास घुटमळायची. पण जुनं विंडोज क्लोन करू नका, म्हणजे जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर उतरवू नका. डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर क्लोन मध्येच अडकतो, नाहीतर खराब फायली तशाच नव्या ड्राइव्हवर येतात.

सगळ्यात महत्त्वाचं : इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर सेटअप बूटच्या (मशीन सुरू करणाऱ्या) फायली जुन्या डिस्कवरच्या बूट पार्टिशनमध्ये टाकू शकतो. सगळं सुरळीत चालतं, आणि महिन्याभरानं ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या ‘एसएसडी खराब निघाली’ या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

इन्स्टॉलसाठी पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. त्यावर लॅनचा (केबलच्या नेटचा) ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा, कारण विंडोज ११ होम सेटअपमध्येच इंटरनेट मागतं. ‘हा पीसी चालणार नाही’ असं आलं तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीटीटी, म्हणजे विंडोज ११ला लागणारी इंटेलची टीपीएम सुरक्षा सोय, बंद आहे का बघा. या पिढीच्या बोर्डांवर ते बहुधा बंदच असतं. बूट मोड यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) हवा. डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी; यूईएफआयला जीपीटी ही नवी लागते) असल्याची अडचण आली तर शिफ्ट एफ१० दाबून डिस्कपार्ट हे डिस्कचं कमांड टूल उघडा, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन क्षणात सगळं पुसतं, म्हणून डिस्कचा आकार वाचूनच नंबर द्या. ४८० जीबीचा ड्राइव्ह तिथे ४४७ दिसतो, तो बरोबर आहे.

लायसन्सची काळजी नको. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. ‘प्रॉडक्ट की नाही’ निवडा, एडिशन मात्र आधीचीच, होमला होम आणि प्रोला प्रो.

खरा वेळ जातो तो मराठी फाँटमध्ये. जुनी पत्रकं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत) नसतील तर ते फाँट परत टाकेपर्यंत मजकूर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. जुन्या ड्राइव्हच्या विंडोजमधलं फाँट्स फोल्डर आणि टॅलीचं डेटा फोल्डर आधीच बाजूला काढा.

मे महिन्यात, एसीशिवायच्या खोलीत ड्राइव्हचं तापमान पन्नाशीच्या आत राहिलं. अशा ड्राइव्हची मर्यादा सहसा ७० अंश असते. त्रास झाला तो कापसाच्या तंतूंचा. प्रोसेसरच्या पंख्यावर त्यांचा थर बसतो, त्यामुळे दर महिन्याला ब्लोअर मारावाच लागतो.

उणीव एकच. स्वस्त ड्राइव्हमध्ये डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी) नसते. मोठा बॅकअप कॉपी करताना कॅश (लिहिण्यासाठीची तात्पुरती वेगवान जागा) भरली की वेग एकदम पडतो. रोजच्या बिलिंगला ते जाणवत नाही. वळवाच्या दिवसांत वीज अचानक जाते, म्हणून यूपीएस हवाच, निदान इन्स्टॉल आणि विंडोज अपडेट चालू असताना तरी.