‘कुठेही चढणारी’ इलेक्ट्रिक गाडी विकून आम्हाला कसं फसवलं

आमची हापूसची बाग राजापूर तालुक्यात, रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. तोडलेला आंबा वर रस्त्यापर्यंत आणायचा म्हणजे आधी अंगावर येणारा चढ आणि मग जांभ्याचा उघडा कातळ. हंगामात क्रेट वाहायला गडी मिळेनासे झालेत. डिझेलची गाडी त्या वाटेने जात नाही. म्हणून दादाने आणि मी एक इलेक्ट्रिक एटीव्ही, म्हणजे रस्ता सोडून रानातही चालणारी चारचाकी, घेतली. चार जाड टायर, मागे सामानाचा कॅरिअर, किंमत 3 लाख 40 हजार. ती खोटं सांगून विकली गेली. ज्यांची शेती डोंगरउतारावर आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे.

गाडी पाहिली ती एका कृषी प्रदर्शनात. स्टॉलवर लाकडी चढण केली होती आणि एक किडकिडीत मुलगा त्यावर गाडी भरभर चढवून दाखवत होता. "काका, कोकणातला कुठलाही चढ सांगा, ही चढणारच," असं विक्रेता दादाला म्हणाला. फलकावर लिथियम बॅटरी, एका चार्जिंगमध्ये 80 किलोमीटर, 160 किलो माल आणि पाणी आत जात नाही असं सांगणारा आयपी 67 असं सगळं होतं. आमच्या बागेत गाडी आणून चालवून दाखवा, असं आम्ही दोनदा म्हटलं. "डेमोची गाडी एकच आहे, ती पुढच्या प्रदर्शनाला जायचीय," हे उत्तर मिळालं. 1 लाख आगाऊ घेतले, बाकीची रक्कम गाडी ट्रकमध्ये चढवण्याआधी.

पहिल्याच दिवशी आठ क्रेट लादून गाडी निम्म्या चढावर थांबली. मोटरच्या आवरणाला हात लावता येईना. विक्रेत्याचं म्हणणं, नवीन आहे, थोडी चालू द्या. चार क्रेटवर चढली, पण दोन खेपांनंतर पुन्हा तेच. दिवसभराचं सोडाच, दुपारपर्यंत बॅटरी उतरायची.

मग गावातल्या वायरमनने सीट उचलून बॅटरीची पेटी बाहेर काढायला घेतली. एकट्याला हलेना. दोघांनी मिळून काढली आणि काट्यावर ठेवली तर 50 किलोच्या वर. पेटीवर ‘लिथियम’ असं चकचकीत स्टिकर. झाकणाचे स्क्रू काढले तर आत ई-रिक्षात असतात तशा 12 व्होल्टच्या पाच लेड-अॅसिड बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या. एवढ्या क्षमतेची लिथियमची बॅटरी 20 किलोच्या आसपास भरते. चार्जर उलटा करून पाहिला, तर मागे बारीक अक्षरांत लेड-अॅसिडसाठी असल्याचं छापलेलं होतंच. लेड-अॅसिडचा आणखी एक दोष चढावरच उघडा पडतो: तिच्यातून एकदम जास्त करंट ओढला की तिची लिहिलेली क्षमताही पूर्ण मिळत नाही.

मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर सीटखालीच होता. त्याच्या डब्यात वायरी जातात ते भोक नुसतं इन्सुलेशन टेप गुंडाळून बुजवलं होतं. आयपी 67 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत पाणी जाता कामा नये. हा आकडा बहुतेक वेळा एखाद्या मोटरचा किंवा बॅटरीचा असतो, अख्ख्या गाडीचा नव्हे. इथे तर तोही खरा नव्हता. मिरगाच्या पहिल्या सरीत गाडी बंद पडली.

आता थोडा हिशोब, कारण सगळी फसवणूक इथेच पकडता येते. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास भागिले 1000 केलं की किलोवॅट-तास, म्हणजे विजेची युनिट, मिळतात. आमची 60 व्होल्ट, 32 अँपिअर-तासांची, म्हणजे दोन युनिटसुद्धा वीज नाही. तेवढ्या विजेवर 80 किलोमीटर हा डांबरी रस्त्यावर एकटा माणूस चालवतो त्या स्कूटरचा हिशोब झाला. अमेरिकेतल्या पोलारिस कंपनीने 2021 च्या डिसेंबरमध्ये रेंजर एक्सपी कायनेटिक ही शेतावर आणि रानात चालणारी इलेक्ट्रिक गाडी जाहीर केली. आमच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि जड गाडी, पण तिच्या 14.9 किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर कंपनी स्वतः 45 मैल, म्हणजे सुमारे 72 किलोमीटरच सांगते. तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या बॅटरीवर खडकाळ जमिनीत 80 किलोमीटर कुठून येणार?

मोटरचंही तसंच. जाहिरातीत टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, मोठा आकडा असतो. तो चाकापाशी गिअरने वाढवून सांगता येतो. वॅट मात्र गिअरने वाढत नाहीत. आमची गाडी, चालवणारा आणि आठ क्रेट मिळून 400 किलोच्या वर वजन होतं. चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणाऱ्या चढावर ते ताशी 10 किलोमीटरने न्यायला, मातीचा अडथळा धरून, चाकापाशी तीन किलोवॅट लागतात. मोटरच्या पट्टीवर 1500 वॅट लिहिलेलं आहे. थोडा वेळ मोटर जादा ओढते, पण नंतर तापते आणि थांबते. विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही. म्हणूनच त्याची चढण आखूड होती आणि चालवणारा मुलगा हलका.

कागदपत्रं तर त्याहून वाईट. पावतीवर एटीव्ही हा शब्दच नाही. ‘राइड-ऑन’ असं लिहून पुढे एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक, 9503 टाकलाय. हे शीर्षक खेळण्यांचं आहे, माणसं वाहून नेणाऱ्या मोटारगाड्यांचं शीर्षक 8703. प्रमाणपत्र म्हणून दिलेला कागद फक्त चार्जरचा, तोही युरोपातल्या सीई खुणेचा. भारतात रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते. "ऑफ-रोड गाडी आहे, आरटीओ लागत नाही," हे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. मोटार वाहन कायद्यातली सूट कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना आहे. बागेतून गावच्या रस्त्यावर आलात की नोंदणी नाही, विमा नाही, आणि कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

सगळ्यात जास्त चीड येते ती अनुदानाच्या नावाखाली काढलेल्या 18 हजारांची. केंद्राचं अनुदान मिळवून देतो, त्याची फाइल करायची फी, असं सांगितलं. इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-2 योजना 31 मार्च 2024 ला संपली. 1 ऑक्टोबर 2024 पासून पीएम ई-ड्राइव्ह ही पुढची योजना आली, तिच्यात अशा एटीव्ही नाहीतच. आणि या योजनांत ग्राहकाला फाइल करावी लागत नाही, पात्र गाडीची किंमतच विक्रेत्याकडे कमी होते. अनुदानासाठी वेगळे पैसे मागणारा माणूस दिसला की तिथेच उठा.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने अति भाराचं कारण देऊन हात झटकले, फलकावरचे 160 किलो आठ क्रेटमध्येच भरतात तरीही. मग रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात गेलो. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. समोरच्या वकिलाने मुद्दा काढलाय की बाग हा व्यवसाय, म्हणून आम्ही ग्राहकच नव्हे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यावसायिक वापरात धरत नाही, आमचं उत्तर तेच आहे. सातबारा आणि घरातली माणसंच बागेत काम करतात याचं प्रतिज्ञापत्र जोडलंय. पुढची तारीख लागायची आहे.

अशीच गाडी कोणाच्या गळ्यात पडली असेल तर ती दुरुस्तीला विक्रेत्याकडे परत पाठवू नका, ती गाडीच पुरावा आहे. बॅटरीची पेटी दोन साक्षीदारांसमोर उघडा, वजन करा, चार्जरच्या मागच्या पट्टीचा फोटो काढा. फलकाचे, व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याचे आणि पैसे पाठवल्याचे पुरावे मोबाइलबाहेर कुठेतरी जपून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, दुरुस्तीच्या वायद्यांत ती निघून जाऊ देऊ नका.